हदीलच्या थेंबात मी काय पाहिले

मित्रांनो, आमच्या टेबलावर सात वस्तू आहेत. काचपट्ट्यांची लाकडी पेटी. जांभळ्या रंगाची बाटली आणि निळ्या रंगाची बाटली. तेलाची बोटाएवढी कुपी. पेशी मोजताना खटकखटक दाबायचे हातयंत्र. त्याचे तिसरे बटण अडकते. चहाचा एक छोटा ग्लास. तो प्रयोगशाळेत असायला नको, पण रोज असतो. आणि सातवा मी.

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा रंग काळा. पण जिथे माणसांचे हात वर्षानुवर्षे लागले तिथे तो उडून खालचे पितळ दिसू लागले आहे. माझ्या पायाखाली पुठ्ठ्याची एक घडी सरकवलेली आहे, कारण टेबल किंचित डगमगते, आणि मी सगळेच हजारपटीने मोठे करून दाखवतो, डगमगणेसुद्धा.

माझा जन्म जर्मनीतल्या एका गावात झाला. तिथली माणसे काच घासण्यात आयुष्य घालवत. माझे सर्वांत लहान भिंग तांदळाच्या दाण्याहून मोठे नाही, पण त्याच्यावर माणसाच्या केसाच्या शंभराव्या हिश्शाएवढाही उंचवटा चालत नव्हता. ते घासणारा म्हातारा दर थोड्या वेळाने ते उजेडाकडे धरायचा आणि मान हलवायचा. एके दिवशी त्याने मान हलवली नाही. त्या दिवशी मी पुरा झालो.

मग भुशाने भरलेल्या पेटीत बसून मी अकाबाच्या बंदरात उतरलो आणि मालमोटारीतून उत्तरेकडे आलो. माझी पहिली नोकरी यार्देन, म्हणजे जॉर्डन, नदीच्या खोऱ्यात होती. तेव्हा तिथे हिवताप होता. उस्ताद फव्वाज नावाचे शांत गृहस्थ गावोगाव फिरून लोकांच्या बोटांतून थेंब आणायचे आणि माझ्यातून त्यांत हिवतापाचे जंतू शोधायचे. हळूहळू जंतू मिळेनासे झाले. लोक उस्तादांना म्हणायचे, तुमच्या या काळ्या नळकांड्याने ताप पळवला. मी काहीच पळवले नव्हते. मी फक्त दाखवले होते. तरी कौतुक कोणाला आवडत नाही?

पण मला खरी भूल पडली ती जंतूंची नाही. ती रक्ताची.

तुम्हांला वाटते, रक्त लाल असते. एकेकटी पेशी पाहाल तर ती फिकट केशरी दिसते. कडेला जाड आणि मध्ये खोलगट, जणू कोणी कणकेच्या इवल्या गोळीला दोन्ही बाजूंनी बोटांनी चिमटले आहे. लांबी, रुंदी, उंची सगळे एकेक मिलिमीटर, एवढ्या थेंबात अशा पन्नास लाख. बोट कापले की कपड्याला पुसून टाकता ना, त्या डागात एखाद्या मोठ्या देशाच्या लोकसंख्येहून जास्त पेशी असतात. प्रत्येक पेशी तीनचार महिने अंगभर धावते आणि संपते. तिच्या जागी नवी येते. तुमच्या हाडांच्या आत, अंधारात, दर सेकंदाला वीसेक लाख नव्या पेशी तयार होतात. तुम्ही झोपलात तरी, रुसलात तरी. इतकी वर्षे मी हे पाहतो आहे. अजून सवय झालेली नाही.

उस्ताद म्हातारे झाले तेव्हा मला खोऱ्यातून वर, अजलूनच्या डोंगरातल्या या आरोग्यकेंद्रात आणले गेले. इथे त्यांनी आपल्या शेवटच्या विद्यार्थिनीला माझ्यापाशी बसवले. तिचे नाव सौसन. आज ती रक्ताची मोठी डॉक्टर आहे आणि गावातले सगळे तिला दोक्तोरा म्हणतात. ती माझ्यात डोकावताना श्वास रोखते. भिंगावर वाफ धरू नये म्हणून, असे ती सांगते. मला वेगळेच वाटते.

दहाएक वर्षांपूर्वी समोरच्या टेबलावर मोजणीचे मशीन आले. त्याच्या पोटात केसाएवढे बारीक छिद्र आहे. रक्त त्यातून जाते आणि मशीन एकेक पेशी मोजते, प्रत्येकीचे आकारमान टिपते आणि मिनिटभरात कागद बाहेर टाकते. आकडा ठरलेल्या हद्दीपेक्षा कमी असेल तर त्याच्यापुढे खाली तोंड केलेला बाण, जास्त असेल तर वर तोंड केलेला. मला प्लॅस्टिकचे आवरण घातले गेले. रागावायला हवे होते. पण खरे सांगतो, मी थक्क झालो. मला जे शंभर मोजायला सौसनचा अर्धा चहा लागायचा, ते हे लाखांनी मोजत होते. मशीनला शंका आली तरच आता माझे आवरण निघते.

हदीलच्या वेळी ते निघाले.

तो वसंत होता. बाजारात हिरवे बदाम आले होते आणि लोक ते मीठ लावून खात प्रयोगशाळेत येत होते. हदील तेवीस वर्षांची, शाळेत चित्रकला शिकवणारी. तिचे लग्न ठरले होते कुतैबाशी, तिच्या सख्ख्या मावशीच्या मुलाशी. निकाहाआधी दोघांच्या रक्ताची तपासणी करून दाखला आणायचा, असा इथे कायदा आहे. पण मित्रांनो, या गावात एक उलटी रीत आहे. आधी मुलाकडचे वीसपंचवीस पुरुष मुलीच्या दारी जातात. त्यांच्यापुढे कॉफी येते. ती कोणी तोंडाला लावत नाही. मागणी मान्य झाली की मगच पहिला घोट घेतात, आणि कॉफी प्यायली म्हणजे शब्द दिला. रक्ताची पाळी त्यानंतर. सौसन कित्येक वर्षे सांगते आहे, आधी रक्त, मग कॉफी. लोक हसतात आणि म्हणतात, दोक्तोरा, मुलीला सुई टोचून मग मागणी घालायला आम्ही काय लसीकरणवाले आहोत?

हदीलच्या घरची कॉफी दोन महिन्यांपूर्वीच प्यायली गेली होती.

या लग्नात रक्ताचा प्रश्न का मोठा होता, ते सांगतो. कुतैबाची धाकटी बहीण रहफ अकरा वर्षांची आहे. तिला थॅलॅसेमिया आहे. तिच्या हाडांना नीट हिमोग्लोबिन घडवताच येत नाही, म्हणून दर तीनचार आठवड्यांनी तिला इरबिदच्या इस्पितळात दुसऱ्यांचे रक्त चढवतात. हा आजार लागण होऊन येत नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, अशा जनुकांतल्या दोन सदोष सूचना एकाच मुलात आल्या तर तो होतो. ज्याच्यात एकच सूचना असते तो वाहक. वाहक ठणठणीत असतो, फक्त त्याच्या पेशी जरा लहान असतात. कुतैबा असा वाहक होता. रहफचे निदान झाले तेव्हाच ते कळले होते. दोन वाहकांचे लग्न झाले तर दर मुलाच्या वेळी चारात एक शक्यता रहफच्या आजाराची.

म्हणून सगळा भार हदीलच्या थेंबावर. आणि ती तर रहफच्या आईच्या सख्ख्या बहिणीची मुलगी.

मशीनने कागद टाकला. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक एक, खाली बाण. पेशींचे आकारमान सत्तर, खाली बाण. निरोगी माणसात ते ऐंशीच्या वर हवे.

हदीलची आई, उम्म सालिम (इथे आईला मुलाच्या नावाने ओळखतात), कागद हातात घेऊन निवांत होती. "बाण खाली आहे, म्हणजे बरंच ना? माझी साखर खाली आली की डॉक्टर खूश होतात."

सौसन उठली. तिने माझे आवरण काढले, हदीलच्या रक्ताचा पातळ थर काचपट्टीवर ओढला, रंगवला, वर तेलाचा थेंब सोडला आणि श्वास रोखून वाकली.

मी हदीलचे रक्त पाहिले. पेशी लहान होत्या आणि मधला खोलगट भाग इतका पसरलेला की कडेला नुसती बांगडी उरलेली. काही पेशी तर पेन्सिलीसारख्या लांबट. कारखाना चालू होता. माल कमी पडत होता. तरीही त्या धावत होत्या, अर्ध्या भरलेल्या घागरी घेऊन, आणि हदील त्यांच्या जोरावर रोज चाळीस मुलांना चित्रे काढायला शिकवत होती. मला त्या पेशींचा फार आदर वाटला.

सौसनने मग मायलेकींना समोर बसवून समजावले. पेशी लहान आणि फिकट होण्याची दोन मोठी कारणे. एक, अंगात लोह कमी. दुसरे, थॅलॅसेमियाची ती एक सदोष सूचना. पेन्सिलीसारख्या पेशी लोहाकडे बोट दाखवतात. पण बोट दाखवणे म्हणजे साक्ष नव्हे, आणि दोन्ही कारणे एकाच रक्तात नांदू शकतात. हदीलच्या लोहाच्या साठ्याची नळी इरबिदला गेली आणि आकडा आला सहा. निदान पंधरा तरी हवा. म्हणजे लोह कमी होते हे नक्की. पण ते एकटे होते का?

ते ओळखायची खूण एकच. हिमोग्लोबिनचा एक छोटा प्रकार असतो, त्याला ए-टू म्हणतात. तो साडेतीन टक्क्यांच्या वर गेला की माणूस वाहक. मग ती तपासणी आजच करा ना, असे उम्म सालिमने म्हटले. सौसन म्हणाली, लोह कमी असताना ए-टू खोटाच कमी दिसू शकतो. वाहक असूनही निर्दोष दिसेल आणि आपण फसू. जनुके वाचणारी तपासणी राजधानीत होते, ती लागली तर पुढे करूच. आधी लोह भरू, मग पाहू.

तिने हदीलला बरेच काही विचारले. पाळीत रक्त फार जाते का, पोटात दुखते का, काय खातेस. हदील थोडी लाजली. साखरपुड्याच्या ड्रेससाठी दोन महिने ती काकडी आणि पुदिना यांवरच राहिली होती.

"ड्रेस एका बाईसाठी शिवलाय," उम्म सालिम म्हणाली, "आणि ही त्यात पाव बाई घालायला निघालीय."

लोहाच्या गोळ्या मिळाल्या. रिकाम्या पोटी, रोज एक. मग नेहमीसारखा सौसनने सगळ्यांना चहा दिला, मरमियाची सुगंधी पाने घालून, कारण या गावात रक्त काढून घेतलेल्या माणसाला चहा न देता पाठवणे म्हणजे त्याला लुटणे.

सहा आठवड्यांनी सगळे परत आले. या वेळी दोन्ही घरे होती: हदील, उम्म सालिम, कुतैबा, त्याची आई उम्म कुतैबा आणि रहफ. रहफने आल्याआल्या माझ्या शेजारचे उंच स्टूल पकडले.

आकडे आले. हिमोग्लोबिन दहा पूर्णांक तीन. आकारमान एकाहत्तर. दोन्ही बाण जिथल्या तिथे.

गोळ्या घेऊनही पेशी वाढल्या नाहीत, म्हणजे दोष लोहाचा नाही, हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही. मग उम्म कुतैबा बोलू लागली. ती भांडत नव्हती. ते जास्त कठीण होते. ती बहिणीला म्हणाली की हदील मला मुलीसारखी आहे, म्हणूनच सांगते, हे इथेच थांबवू. अकरा वर्षे मी इरबिदच्या बसमध्ये बसतेय. सुई शोधायला नर्स हातावर चापट्या मारते तेव्हा मी भिंतीकडे बघते. रात्री लोह काढायचा पंप लावते. "हे मी माझ्या बहिणीच्या मुलीला देऊ? असं आणखी एक मूल—"

"मी इथेच बसलेय, यम्मा," रहफ म्हणाली.

ती रागावून बोलली नाही. कोणी दिवा लावायला विसरले असेल आणि आपण आठवण करून द्यावी, तशी बोलली. तिच्या आईने तोंडावर ओढणी धरली.

कुतैबा दाराशी उभा होता. तो म्हणाला की दोघे वाहक निघाले तरी कायदा लग्नाला मनाई करत नाही, जोखीम समजली असे लिहून द्यावे लागते. माझी सही आत्ता घ्या.

"माझी घेऊ नका," हदील म्हणाली. बोटातली अंगठी ती फिरवत होती. "मला आधी कळायला हवं. आणि आकडा वाईट आला तर अंगठी मी स्वतः देईन, मावशी. त्यासाठी पंचवीस माणसांनी दारी यायची गरज नाही."

सौसनने जे तिला येते ते केले. ती रहफला म्हणाली, "ये, बघायचंय?"

रहफ स्टुलावर गुडघे टेकून माझ्यात वाकली. आधी तिने हदीलच्या पेशी पाहिल्या. बांगड्या, ती म्हणाली. मग तिला स्वतःच्या पाहायच्या होत्या. सौसनने तिच्या बोटाला टोचले. सुईकडे तिने ढुंकूनही पाहिले नाही.

मित्रांनो, रहफच्या थेंबात दोन प्रकारच्या पेशी होत्या. थोड्या वेड्यावाकड्या, काही फाटल्यासारख्या, काहींच्या मधोमध नेमबाजीच्या लक्ष्यासारखा ठिपका. त्या तिच्या स्वतःच्या. आणि त्यांच्यामध्ये, त्यांच्याहून कितीतरी जास्त, गोल भरदार केशरी पेशी.

"या चांगल्या कुणाच्या?" तिने विचारले.

"ज्यांनी रक्त दिलं त्यांच्या. आठवड्यापूर्वी तुला चढवलं ना."

"म्हणजे कुणाच्या?"

"माहीत नाही. कुणी सैनिक असेल. कुणी मास्तर. एखादी बाई ऑफिसमधून येताना थांबली असेल."

रहफने डोळा काढला नाही. "आणि त्याच्या आधी चढवलं त्यांच्याही आहेत?"

"थोड्या असतील."

"मग माझ्यात आत्ता किती जण राहतात?"

सौसन म्हणाली, ते मशीनलाही मोजता यायचे नाही. मी उभा होतो तसाच उभा होतो, पण माझी सगळी भिंगे त्या क्षणी एका मुलीच्या डोळ्याखाली होती आणि जगातले मला न दिसणारे किती हात त्या एका थेंबात येऊन थांबले होते. हिवतापाच्या काळापासून मी थेंब पाहतो आहे. थेंबात गाव असतो हे मला तोवर समजले नव्हते.

"तरीच," रहफ आईकडे वळून म्हणाली. "तू म्हणतेस ना, ही एकटी दहा जणांइतकं बोलते."

उम्म कुतैबा हसली आणि त्याच वेळी रडली. खोलीतली हवा जरा सैल झाली. सौसनने केटलीतून ग्लास भरले, पहिला हदीलला दिला. उम्म सालिमने पर्स उघडली. गोंधळात गोळीची वेळ टळली होती, असे पुटपुटत तिने चंदेरी पाकिटातून एक गोळी काढून लेकीच्या तळहातावर ठेवली. हदीलने गोळी जिभेवर ठेवली आणि चहाचा ग्लास ओठांकडे नेला.

"तिला लोह नकोय का?" रहफने विचारले.

कोणाला काही कळले नाही.

"मला जेवणाबरोबर चहा प्यायला लावतात," रहफ म्हणाली. "माझ्या अंगात लोह फार साठतं म्हणून. इरबिदचे डॉक्टर म्हणतात, चहा लोहाला बाहेरच्या बाहेर धरून ठेवतो, आत जाऊ देत नाही."

सौसनच्या हातातली केटली अर्ध्यावर थांबली. तिने ती खाली ठेवली. मग अगदी हळू विचारले, "उम्म सालिम, रोज गोळी अशीच देतेस?"

"अशीच. तू म्हणालीस रिकाम्या पोटी. मी स्वतःच्या हाताने देते, सकाळी उठल्याउठल्या, पोटात काही नसताना."

"आणि चहा?"

"चहा आहेच की," उम्म सालिम म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर खरोखर गोंधळ होता. "चहा म्हणजे काही खाणं नव्हे, दोक्तोरा."

या गावात चहा कोणी मोजत नाही. दिवसभरात किती भाकऱ्या खाल्ल्या सांगतील, जैतुनाची किती फळे खाल्ली तेही सांगतील. चहा म्हणजे श्वास. सौसन हे पुस्तकातून शिकली होती, परीक्षेत लिहिलेही होते. पण ती याच गावात जन्मलेली. तिलाही चहा मोजायचे सुचले नव्हते. तिने हदीलच्या हातातला ग्लास काढून घेतला, मग टेबलावरचा आपला उचलला आणि दोन्ही मोरीत ओतले.

मग ती पटपट बोलू लागली, जशी ती महत्त्वाचे काही सापडले की बोलते. दोन दिवसांपूर्वी काढलेल्या नळीचा, आज सकाळीच इरबिदहून आलेला साठ्याचा नवा आकडा तिने पुढे ओढला: सात. सहा आठवडे गोळ्या घेऊन सहाचे सात. "बाण पाहून मी पेशींच्याच मागे लागले. आधी हा आकडा वाचायला हवा होता. वाहक असो नसो, लोह पोटातून आत गेलं असतं तर साठा भरला असता. ते आत गेलंच नाही. म्हणजे अजून आपल्याला काहीच कळलेलं नाही. वाईट कळलेलं नाही, तसं चांगलंही नाही."

हदीलने विचारले, म्हणजे पुन्हा पहिल्यापासून? सौसन म्हणाली, पुन्हा पहिल्यापासून. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा, दूध, लबनेहचे दही सगळे दोन तास लांब. उम्म सालिमने विचारले, दोन तास तोंडात काय धरायचे? रहफ म्हणाली, जीभ. उम्म कुतैबाने तिला दटावले, पण बहिणीकडे पाहून.

दहाएक दिवसांनी हदील एकटी आली. सौसनने तिच्या रक्तात निळा रंग मिसळला, थोडा वेळ थांबली आणि मला तयार केले. आता मी जे सांगणार आहे ते मला आयुष्यात सर्वांत जास्त आवडते. हाडांतून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशीत निळ्या धाग्यांची एक नाजूक जाळी असते, कारखान्यातून निघताना अंगाला चिकटून आलेला सुताचा धागा जसा. एक-दोन दिवसांत ती विरते. निरोगी माणसात शंभरात एखादीच अशी दिसते. पहिल्या तपासणीत हदीलच्यात जेमतेम एक होती. आता सौसन हातयंत्र दाबू लागली आणि निळ्या जाळ्या दिसतच राहिल्या. शंभरात चार. कुठेतरी अंधारात लोह पोचले होते, आणि ते पोचताच, कोणी न सांगता, हाडांनी हात वाढवले होते. लिंबाच्या पाण्याचा एक घोट आणि त्याचे उत्तर म्हणून कोट्यवधी पेशी. सौसनने उगाच पाच वेळा मोजले. मी तिला पाच वेळा दाखवले.

"हे लोहाचं उत्तर आहे," तिने हदीलला बजावले. "दुसरा प्रश्न अजून उभाच आहे."

मग उन्हाळा आला. दोन्ही घरे एकमेकांकडे जात राहिली. पण लग्नाच्या हॉलचे पैसे भरायचे राहिले, पत्रिका छापायच्या राहिल्या. कुतैबा अधूनमधून केंद्राच्या दारात गाडी थांबवून सौसनला विचारायचा, काही कळलं का. तिचे उत्तर तेच, अजून साठा भरू दे. अंजीर पिकले, द्राक्षे पिकली. गच्चीवर चित्रे काढता काढता हदील गोळी घ्यायची आणि उम्म सालिम घड्याळ पाहत केटलीवर हात ठेवून बसायची. तिने शेजारणींनाही शिकवले. त्या गल्लीत आता चहासाठी थांबवतात तेव्हा विचारतात, लोहवाली कोणी आहे का?

मित्रांनो, माझी कहाणी संपत आली. मी काच आहे, पितळ आहे; मला हात नाहीत, नाहीतर जोडून विनवले असते. तुमच्या किंवा घरातल्या कोणाच्या रक्ताच्या कागदावर बाण आला तर तो निकाल समजू नका. तो प्रश्न आहे. त्याला घाबरून कागद कपाटात टाकू नका, आणि बाण खाली आहे म्हणून खूशही होऊ नका. कागद घेऊन डॉक्टरांपुढे बसा. काय खाता, काय पिता, गोळी कशाबरोबर गिळता, जे मोजावेसेही वाटत नाही ते आधी सांगा. एका तपासणीवर थांबू नका. पुढची पायरी विचारा. लग्न जुळवताना कॉफीआधी रक्त पाहा. आणि अंगात रक्त असेल तर थोडे द्या. कोणातरी रहफमध्ये तुम्हांला राहायला जागा आहे. माझ्यासारखे जुने कोणी तुमच्या शाळेत आवरणाखाली असेल तर महिन्यातून एकदा भिंगे पुसा. कोरड्या, मऊ कापडाने.

जैतुनाच्या तोडणीआधीच्या आठवड्यात साठ्याचा आकडा चाळीसच्या वर गेला आणि हदीलची नळी ए-टूसाठी इरबिदला गेली. पाकीट आले तेव्हा पुन्हा सगळे जमले होते. कुतैबा या वेळी दारात नाही, आत उभा होता. उम्म कुतैबाने बहिणीचा हात धरला होता. रहफ माझ्या शेजारच्या स्टुलावर. सौसनने पाकीट स्वतः फोडले नाही, हदीलपुढे ठेवले. हदीलने अंगठी काढून टेबलावर, माझ्या पायापाशी ठेवली, कागद उलगडला आणि वाचला.

पेशींचे आकारमान चौऱ्याऐंशी. ए-टू दोन पूर्णांक सात टक्के, साडेतीनच्या खाली.